सुरगाठीचं जाळं

फार फार पूर्वी समुद्राकाठी एक गाव होतं आणि त्या गावात घरटी एक जाळं होतं. नाखव्याचं जाळं अंगणभर पसरायचं. टोकाच्या झोपडीतल्या म्हातारीचं मात्र लुगड्याच्या पदराएवढं. ज्याने त्याने आपलं जाळं टाकावं, आपले चार मासे घरी न्यावेत, अशी तिथली रीत.

थंडी सरता सरता किनाऱ्याजवळ बांगड्यांचा मोठा घोळका यायचा. पण सुट्या जाळ्यांना तो वेढता येत नसे. मासे आले तसे निघून जायचे, आणि पावसाळ्यात होड्या शाकारल्या की पोरं खारवलेल्या बांगड्याच्या तुकड्यासाठी रडायची.

त्या गावात जाळी विणणारी एक बाई होती. तिच्या पाठीला झोळीत लेक बांधलेली असे. मागच्या पावसाळ्यात अर्धपोटी राहून बाईचं दूध आटलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विचार: सगळी जाळी जोडून एकच केलं तर? असल्या विचाराला पुढे शिकलेल्या लोकांनी समाजवाद असं भारदस्त नाव दिलं. तिच्याकडे नाव नव्हतं, नुसता सुतळीचा गुंडा होता.

घोळका यायच्या आधी तिने गावाला देवळापुढे बोलावलं.

"आजपासून तुझं-माझं बंद! सगळी जाळी एक करू. अशी निरगाठ मारते की सात पिढ्या सुटणार नाही!"

"सगळ्यांचं सगळं?" एकजण म्हणाला. "मग आधी माझी सासू घेऊन जा. जाळ्याचं मागाहून बघू."

सगळे खो खो हसले. सासूसुद्धा तिथेच होती. ती हसली नाही.

"ह्याच्या जाळ्याला ही भोकं," दुसऱ्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "माझे मासे ह्याच्या भोकातून पळणार, आणि हा झोपा काढून वाटा मागणार."

"तुझ्या घोरण्याने मासे पळतात, ते आधी बघ!" शेजारी म्हणाला.

नाखवा मिशीत हसला. "बाय, तुझं स्वतःचं जाळं केवढं? म्हणून तुला वाटून घ्यायची घाई!"

बाईने आशेने म्हातारीकडे पाहिलं. हिचा तर फायदाच फायदा. पण म्हातारीने आपलं जाळं छातीशी धरलं. "नको गो. माझं म्हणावं असं एवढंच आहे माझ्याकडे."

हे मात्र बाईला लागलं. लेकीला थोपटताना तिच्या मनात आलं, लोक मूर्ख की मी? दोन्ही असू शकतं. मग दारासमोर बांधलेल्या होडीकडे तिची नजर गेली. होडी बांधताना कुणी निरगाठ मारत नाही. सुरगाठ मारतात. टोक ओढलं की सुटली पाहिजे, या भरवशावरच तर माणूस होडी बांधून निवांत घरी जातो.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारीकडे गेली. भाषण केलं नाही. आधी तिच्या जाळ्याचं भोक विणलं, मग म्हणाली, "आजी, आजच्या दिवस तुझं जाळं माझ्याला जोडू? सुरगाठ मारते. वाटलं की टोक ओढ. संध्याकाळी मीच सोडून देईन."

"आजच्या दिवसच ना?"

"आजच्या दिवस."

दोन जाळी जोडलेली पाहून भोकवाला आला. त्याच्याही जाळ्याची भोकं विणून झाली. मग त्याला नावं ठेवणारा आला. दुपारपर्यंत जोडजाळं नाखव्याच्या जाळ्याहून लांब झालं, तेव्हा नाखवाही आला. "मला काय, गंमत!" तो म्हणाला. त्याचं जाळं मोठं म्हणून मधोमध जोडलं, तेही सुरगाठींनीच.

आणि त्याच दुपारी घोळका आला. होडीने जाळ्याचा वेढा घातला, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आले, अख्खं गाव ओढू लागलं. जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं आणि सगळ्यांनी पाहिलं: बांगडे मधल्या जाळ्यात खचाखच भरले होते.

नाखवा पाण्यात धावला. "हे तर माझ्या जाळ्यातले!" त्याने गाठीच्या टोकाला हात घातला.

ओढणारे थबकले. गाठ सुटली तर सगळा पावसाळा वाहून जाणार होता. तोंडाशी आलेली शिवी बाईने गिळली.

"सोडायची तर सोडा, नाखवा," ती म्हणाली. "गाठ तुमचीच आहे, मी शब्द दिलाय. पण दोर आमच्या जाळ्यांना आहेत."

नाखव्याने आपल्या भरलेल्या जाळ्याकडे पाहिलं. मग दोराकडे. दोराच्या शेवटाला म्हातारी होती, वाळूत टाचा रोवून.

"अरे मेल्या, सोड नाहीतर ओढ!" ती ओरडली. "माझे हात गळून चाललेत!"

नाखव्याने गाठीवरचा हात काढला आणि दोर धरला.

किनाऱ्यावर बांगड्यांचा ढीग लागला. ज्याचा हात दोराला, त्याला वाटा, असं ठरलं. नाखव्याने मोठ्या जाळ्याचा जादा वाटा मागितला. त्यावर सूर्य टेकेपर्यंत भांडण झालं आणि जादा म्हणून अर्धा वाटा मिळाला. त्या पावसाळ्यात कुणाचं पोर रडलं नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी बाई कबूल केल्याप्रमाणे गाठी सोडायला वाकली, तर म्हातारी खेकसली, "असू दे गो. उद्या परत कोण बांधत बसणार?"

तात्पर्य काय, तर वाटून घ्या म्हटलं की माणूस मूठ आवळतो. त्याच मुठीत आधी दोर द्यावा, आणि सुटायची वाट त्याच्याच हाती ठेवावी.