अर्धा विडा

एका राज्यात माणसं दगड होऊ लागली, आणि दोष राजा धैर्यकेतूचा होता. चेटूक दुसऱ्याचं, हे खरं. पण ते इतके दिवस चाललं ते राजामुळे. त्याच्या सभेत सर्वांत म्हातारा आधी बोले, मग त्याहून धाकटा, मग त्याहून धाकटा. आणि मोठ्याचा शब्द धाकट्याने खोडायचा नाही, असा रिवाज. म्हणजे पहिला बोलला की सभा संपली. बाकीचे माना हलवायला बसत.

राजवाड्यातच कोणी चेटक्या माणसाचं रूप घेऊन बसला होता. सभेतल्या खांबावरच्या बोलक्या साळुंकीने राजाला तीन काळे खडे दिले आणि सांगितलं, "चेटक्यापुढे खडा ठेव, दगडांची माणसं होतील. निरपराधापुढे ठेवलास, तर मी 'नव्हे' म्हणताच तो दगड होईल. तिन्ही चुकले, तर सगळं राज्य दगड."

सर्वांत म्हातारे राजगुरू वाचस्पती. पहिल्या दिवशी ते म्हणाले, माळी. राजाने खडा ठेवला. साळुंकी म्हणाली, "हा नव्हे." माळी दगड झाला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, धोबीण. साळुंकी म्हणाली, "ही नव्हे." धोबीण दगड झाली. राजगुरूंना कोणी जाब विचारला नाही. पांढरी दाढी चुकत नसते ना.

तिसऱ्या दिवशी कोठीवाला भिकोबा जेवणानंतर परसात दगड होऊन सापडला. उजवी मूठ घट्ट मिटलेली. त्याला सभेत आणून ठेवलं, तेव्हा राजवाड्यात विडे लावणारी तुंगा म्हणाली, "हातातला विडा तरी खाऊ द्यायचा होता बिचाऱ्याला."

सभा चपापली.

"मूठ मिटलेली आहे," प्रधान म्हणाला. "आत विडा आहे, हे तुला कसं कळलं?"

"मीच दिला. जेवणानंतर रोज देते. तुम्हालाही देते, प्रधानजी. तुम्ही चुना जास्त मागता."

सेनापती हसला, आणि राजगुरूंकडे पाहून गप्प झाला.

"पोरीची जीभ घसरली, आता सावरते आहे," राजगुरू म्हणाले. "चेटूक विड्यातच होतं. याने अर्धा चावला, अंग जड झालं, उरलेला अर्धा मुठीत राहिला. महाराज, खडा ठेवा."

राजाने तिसरा खडा तुंगेपुढे ठेवला. साळुंकीने चोच उघडली.

"थांबा, साळुंकीबाई," तुंगा म्हणाली. "मला गुरुदेवांना एक विचारायचं आहे. अर्धा कोणी पाहिला?"

"धाकट्याने मोठ्याला विचारू नये," प्रधान म्हणाला.

"न विचारता तुम्ही दोन माणसं दगड केलीत. मी विचारणार. मी विडा अख्खा दिला. तो हातात घेऊन भिकोबा एकटा परसात गेला. त्याने अर्धा खाल्ला, हे समोर उभं राहिल्याशिवाय कसं कळेल?"

"वय झालं आहे त्यांचं," प्रधान म्हणाला. "बोलण्याच्या ओघात जातं निघून."

"मी बोलले ती कबुली, आणि ते बोलले तो ओघ?"

"पोरगी म्हणते त्यात—" सेनापतीने तोंड उघडलं.

"तुमची पाळी नाही," प्रधान म्हणाला.

तुंगेने राजाकडे पाहिलं. "महाराज, तुम्ही तरी विचारा."

राजाने मान खाली घातली. "गुरुदेवांना जाब विचारणं आमच्या कुळात नाही."

"मग बसा तसेच," तुंगा म्हणाली. तिने आपल्यापुढला खडा उचलला, सभा ओलांडली आणि तो राजगुरूंच्या पायांपुढे ठेवला.

साळुंकी म्हणाली, "हाच."

राजगुरूंच्या आसनावर नुसती सापाची कात उरली. भिकोबाची मूठ सुटली. आत अर्धा विडा होता. त्याने तो आधी तोंडात टाकला, मग काय झालं ते विचारलं. माळी बागेत गेला, धोबीण घाटावर गेली. त्या दिवसापासून सभेत सर्वांत धाकटं आधी बोलू लागलं, आणि म्हाताऱ्यांना ऐकावं लागलं.

तिन्ही खडे राजाने निरपराधांपुढे ठेवले होते. राज्य वाचलं, पण खडे ठेवणारा त्याचा उजवा हात मनगटापर्यंत दगड झाला, आणि तो मरेपर्यंत दगडच राहिला.