साळुंकीची चोच आणि करकोच्याची पाटीलकी

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या आजोबांनो, ऐका. फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा निवडणूक फक्त पाखरं लढवायची. माणसांना अजून ते खूळ लागलं नव्हतं.

एका मोठ्या तळ्याकाठी पाखरांची वस्ती होती. दरवर्षी ती आपला पाटील निवडायची. रीत मात्र न्यारी. उमेदवारानं स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्याच्यासाठी त्याच्या मित्रानं बोलायचं.

त्या वर्षी टिटवी उभी होती, आणि करकोचाही. स्वभावानं भला, पण अगदी मुखदुर्बळ. त्याच्यासाठी बोलणार होती त्याची लहानपणची मैत्रीण, साळुंकी. तिची चोच म्हणजे काय विचारता! झाडाझाडावर बसून तिनं करकोच्याचे असे गुण गायले, की पाखरं आधीच त्याला वाट देऊ लागली. "या पाटील, बसा पाटील!" साळुंकीला मात्र कुणी साधं "ये" म्हणेना.

तिचा जीव जळू लागला. "घसा बसतोय माझा आणि मान याला! हा नुसता एका पायावर उभा राहतो. तेवढ्यावर पाटीलकी?" करकोच्यानं प्रेमानं आणलेला किडासुद्धा तिला कडू लागला.

सभेच्या आदल्या दिवशी करकोचा तिच्याजवळ आला. "साळू, तुला एकटीला सांगतो. माझा डावा डोळा अधू होत चाललाय. त्या बाजूनं ससाणा आला, तर मला दिसायचा नाही. मी पाटील झालो, तर तू शेजारीच बस. आपण दोघं मिळून वस्ती राखू."

"बसेन की, दादा," साळुंकी म्हणाली. मनात म्हणाली, शेजारी का म्हणून? मधोमध का नाही?

दुसऱ्या दिवशी सभा भरली. न्यायाला तळ्यातले कासवआजोबा बसले. साळुंकी बोलायला उठली. "ऐका हो! ज्याला पाटील करायला निघालात, त्याचा डावा डोळा गेलाय! ससाणा तुमची पिल्लं उचलून नेईल आणि याला पत्ताही लागणार नाही!"

एकच गलका उडाला. करकोचा मान खाली घालून मागे सरकला.

साळुंकी छाती फुगवून मधोमध आली. "आता मी उभी आहे. निवडा मला."

"निवडू की," कासवआजोबा म्हणाले. "तुझ्यासाठी कोण बोलतंय?"

अगं बाई! हे तर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पोपटाकडे पाहिलं.

"नको गं बाई," पोपट म्हणाला. "आज तुझा मित्र व्हायचं आणि उद्या तू माझं काय चव्हाट्यावर मांडशील, कुणी सांगावं?"

होल्यानं मान वळवली. सुतारपक्षी उडूनच गेला. शेवटी तिची नजर करकोच्याकडे गेली.

"पाटीलकी तुला हवी होती, तर काल सांगायचं होतंस," तो हळूच म्हणाला. "मी आज तुझ्यासाठी बोललो असतो. मला नीट बोलता येत नाही, पण बोललो असतो."

साळुंकी मधोमधून बाजूला सरकली. पाटीलकी टिटवीला मिळाली. साळुंकी अजून दिवसभर बडबडते, पण तिच्यासाठी त्या तळ्याकाठी पुन्हा कुणी बोललं नाही.

म्हणून सांगतो, बाळांनो, मित्राचा विश्वास मोडून जो पुढे जातो, त्याच्या मागे उभं राहायला कुणी उरत नाही.