खुब्याचा फोटो

“…पण महाराज, डॉक्टर म्हणाला तसंच केलं ना मी?”

विचारणारा धोंडोपंत. महाराजांचा पट्टशिष्य, म्हणजे मठातली न बडवता वाजणारी घंटा.

शेजारी बायको, यमुना. तिच्या कुशीत पोर, जुई. जुईला सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मेंदूला इजा झाली, तेव्हापासून पाय ताठ, कात्रीसारखे एकावर एक.

“काय म्हणाला डॉक्टर?” महाराजांनी विचारलं.

“हिचं हाड खोबणीतून गुपचूप सरकतं म्हणे. दुखायची वाट बघू नका, दर सहामाहीला खुब्याचा फोटो हवा.”

“मग?”

“लावला की!” धोंडोपंतानं पोरीचा झगा वर केला. कमरेला लाल दोरा, दोऱ्यात प्लास्टिकमध्ये मढवलेले साक्षात महाराज. “मशीनच्या फोटोपेक्षा आपला मोठा. सहामाही झाली की नवा बांधतो. घामानं आपलं तोंड पुसट होतं ना.”

मठाच्या दारात या फोटोंची टोपली कायम भरलेली. ती कोण भरतं, ते आपण नाही बुवा विचारत.

“आता लंगोट बदलायला मांडी फाकत नाही,” यमुना म्हणाली. “हात लावला की किंकाळी. काल यांना न सांगता दवाखान्यात गेले. काढला खरा फोटो. हाड बाहेर आलंय. वेळेत कळतं तर थोडक्यात भागलं असतं म्हणाले. आता हाड कापून बसवायचं… आणि हे ऑपरेशनला नको म्हणतात.”

“कापतात कसले! महाराज, आपण नुसता हात फिरवा.”



महाराजांनी दोरा सोडला. पोरीचा गुडघा हलू न देता. फोटो खिडकीच्या उजेडात धरला, डॉक्टर धरतो तसा.

“काय दिसतं?”

“आपण. आशीर्वादाचा हात.”

“हाड?”

“…नाही.”

“पोर दिसते?”



जुई कण्हली. यमुनेनं पदर तोंडात धरला.

“चुकलो, महाराज!” धोंडोपंत धाडकन वाकला, पाय धरायला. जन्माची सवय.

महाराजांनी पाय झटकन आखडून घेतले.

“तिचे धर,” ते म्हणाले. “हळू. दुखतात.”