भुईचाफ्याचे माहेर

कृतयुग सरत आले होते, तरी धर्माचे चारही पाय अजून जमिनीवर टेकलेले होते, त्या काळची ही कथा आहे. सह्यपर्वताच्या माथ्यावर काळा कातळ दूरवर उघडा पसरला होता. तिथे झाड म्हणून एकही नव्हते, आणि तिथेच अर्कव्रत नावाच्या तरुण ऋषीचा आश्रम होता. अंगणाच्या पूर्वेला यज्ञवेदी होती, पश्चिमेला एक पर्णकुटी. पर्णकुटी अतिथींसाठी होती. सूर्य आकाशात असेपर्यंत अर्कव्रत स्वतः तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवत नसे.

त्याला कारण होते. फार पूर्वी तमोबाहू नावाच्या दैत्याने आपले प्रचंड बाहू पसरून आकाश झाकून टाकले होते. धान्य शेतात काळे पडले, गायी आटल्या, मुले ऊन हा शब्द विसरली. तेव्हा अर्कव्रताचा मूळपुरुष याच कातळावर हात उंचावून उभा राहिला आणि त्याच्या तपाच्या ज्वाळेत दैत्याचे बाहू जळून गेले. पहिले ऊन अंगावर पडताच त्या महात्म्याला रडू आले आणि त्याने शब्द दिला की, माझ्या कुळातला पुरुष दिवसाउजेडी कधीही सावलीत बसणार नाही. तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. अर्कव्रताची कांती त्यामुळे तापवलेल्या तांब्यासारखी झाली होती, आणि स्वभाव मात्र पाण्यासारखा होता.

कातळाखालच्या दरीत घनपर्णा नावाच्या वनदेवतेचे अरण्य होते. समिधा आणायला अर्कव्रत तिथे उतरे, पण व्रतामुळे आत जात नसे. काठावर उन्हात जेवढ्या काटक्या पडलेल्या असतील तेवढ्याच उचलून परत येई. त्या कधी पुरत नसत. एकदा मात्र काठाबाहेर समिधांची मोळी नीट बांधून ठेवलेली त्याला दिसली. दुसऱ्या दिवशीही ती होती. तिसऱ्या दिवशी मोळी सावलीतून बाहेर सरकवणारा हात त्याने पाहिला.

"सावलीला इतका भिणारा ऋषी मी कधी पाहिला नाही," हाताची धनीण आतून म्हणाली. "आत या, खात नाही ती."

ती घनपर्णेची कन्या निभृता होती. अर्कव्रताने आपल्या कुळाची सगळी हकीकत तिला सांगितली. ऐकून ती हसली नाही. आपली चेष्टा चुकली असे तिला वाटले असावे, कारण पुढल्या दिवशी मोळीवर तिने एक फूल ठेवले होते. पांढरे, कडेला जांभळी झाक असलेले, आणि वास असा की अर्कव्रत आहुतीचा मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबला.

पुढे घनपर्णेने त्यांच्या विवाहाला संमती दिली, पण लेकीची पाठवणी करताना तिने तिच्या ओटीत त्याच फुलाचे, मातीने माखलेले मूठभर कंद घातले आणि जावयाला सांगितले, "हिचे प्राण या कंदांत आहेत. हे तुमच्या अंगणात लावा. ज्या वर्षी यांना एकही फूल येणार नाही, त्या वर्षी माझी लेक माझ्याकडे परत येईल. तुम्ही अडवू नका, आणि तीही थांबणार नाही." अर्कव्रताने हातावर पाणी सोडून ती अट मान्य केली. कठीण असे त्याला त्यात काहीच दिसले नाही. ज्या सूर्याने सगळे जग फुलवले, त्याच्या भक्ताच्या अंगणात फूल फुलणार नाही, हे त्याच्या मनातही आले नाही.

आश्रमात आल्यावर त्याने कंदांसाठी यज्ञवेदीच्या पूर्वेची जागा निवडली. सूर्याचा पहिला किरण तिथे पडे आणि दिवस मावळेपर्यंत तिथून ऊन हलत नसे. त्याच्या घराण्यात त्या जागी फक्त देवांना आसन मांडत. निभृता म्हणाली की कुटीमागची एखादी कडेची जागाही चालेल. त्यावर तो म्हणाला, "कडेची जागा मी तुला का देऊ? या अंगणात याहून मोठा मान नाही."

एवढ्या प्रेमाने दिलेला मान नाकारायचा कसा, हे नव्या नवरीला कळले नाही. अर्कव्रताने तिथला कातळ फोडला, दरीतून माती वाहून आणली आणि कंद लावले. तो त्यांना भर दुपारी पाणी घाली, कारण सूर्य माथ्यावर असताना केलेले काम सर्वांत पुण्याचे, असे तो मानत असे.

कोवळी पाने वर आली. पहिल्या दिवशी ती हिरवी होती, त्यांच्या पाठी जांभळ्या होत्या. मग कडा करपल्या. मग पानांनी स्वतःला गुंडाळून घेतले. अर्कव्रत आणखी पाणी घाली, सूर्याची आणखी स्तोत्रे म्हणे, आणि आकाश आणखी निरभ्र होई. निभृतेच्या चेहऱ्याचा रंग रोज थोडा थोडा उतरत होता. तो तिला विचारी, काही हवे का? ती म्हणे, काही नको, आपण इतके करता आहात. वर्ष भरले तेव्हा त्या मातीवर गवताची काडीसुद्धा उरली नव्हती.

जाताना निभृता वेदीजवळ थांबली. ओंजळीत घेता यावा इतका मातीचा ढिगारा तिने हाताने सारखा केला. "नाथ, हे कंद उकरून टाकू नका," ती म्हणाली. "वरचे सगळे गेले तरी ते लवकर मरत नाहीत. झोपतात."

मग ती कातळ उतरून गेली. अर्कव्रताने अडवले नाही. त्याने शब्द दिला होता.

त्यानंतर आश्रमात सगळे पूर्वीसारखेच होते आणि त्याला काहीच सोसवत नव्हते. कुटीच्या दाराशी तिने पाण्याची घागर जिथे ठेवली होती तिथे ओला गोल डाग होता. तो वाळला, तरी त्याचे पाऊल त्या जागेला वळसा घालून जाई. सायंसंध्येला अर्घ्य देताना ओंजळीतले पाणी सूर्याकडे सोडायचे, तर त्याची नजर दरीकडे जाई. शेवटी एका सकाळी तो अरण्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली.

घनपर्णा आली, पण सावलीबाहेर आली नाही. तो आत जाऊ शकत नव्हता. दोघांमध्ये जमिनीवर उन्हाची रेघ होती. तिच्या मागे कुठेतरी, पानांच्या आड, निभृता असणार हे त्याला ठाऊक होते. त्याने मान उंच केली, पण काही दिसले नाही.

"जावईबुवा, ऊन सोसवेना का?" घनपर्णेने विचारले.

अर्कव्रताने हात जोडले. आपण काय कमी केले, एवढेच सांगा, असे तो म्हणाला. सर्वांत उत्तम जागा दिली, पाणी दिले, मंत्र दिले.

"कमी काही केले नाहीत. लग्नात तुम्ही माझ्या लेकीचे गोत्र विचारलेत, नक्षत्र विचारलेत. कंद लावताना तिथी आणि मुहूर्त पाहिलात. पण ते कंद कुठल्या घरून आले, तिथे ऊन किती पडते, हे काही विचारले नाहीत. आपल्याला जे प्रिय तेच दुसऱ्याला द्यायचे, हे तुम्हाला प्रेम वाटले. माझ्या लेकीला ते जाळत होते. तीही वेडी, बोलली नाही."

हे ऐकून अर्कव्रत तिथेच खाली बसला. मग त्याने मान वर केली आणि प्रथमच अरण्यात नीट पाहिले. आजवर त्याला वाटे की आत नुसता अंधार आहे, तमोबाहूच्या बाहूंसारखा. तसे नव्हते. अगदी दाट झाडांखाली जमीन उघडी होती, तिथे काहीच फुलत नव्हते. पण जिथे फांद्या विरळ होत्या, तिथे पानांतून उन्हाचे गोल कवडसे गळत होते आणि वाऱ्याबरोबर मातीवर इकडून तिकडे फिरत होते. तीच पांढरीजांभळी फुले नेमकी तिथेच होती.

घनपर्णेने त्याची नजर पाहिली. "तुमच्या अंगणात एक फूल उमलू द्या," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी तिला अडवणार नाही."

त्या दिवसापासून अर्कव्रत रोपांना त्यांचे माहेर विचारू लागला. विचारायचे म्हणजे जाऊन पाहायचे. सोनटक्का त्याला भुलवत होता, पण तो झऱ्याच्या काठी सावलीत पाय बुडवून उभा असलेला दिसला, तेव्हा तुझे इथेच बरे आहे असे म्हणून तो परतला. अबोली अर्ध्या सावलीत, झाडांच्या पायथ्याशी हसत होती. तिलाही त्याने हात लावला नाही. त्याला आधी उन्हाची लेकरे हवी होती, स्वतः उन्हात उभी राहून कंदांवर कवडसे पाडणारी, आणि ती त्याला कोणी पाहत नाही अशा ठिकाणी सापडली. रुई तापलेल्या दगडांच्या सांदीत होती. कोरांटी बांधाच्या कोरड्या कडेला होती, गुरांनी खाल्ली तरी बुडातून पुन्हा फुटत होती. कण्हेर ओढ्याच्या वाळूत होती. ओढा आटला होता, वाळू पायाला चटके देत होती, आणि कण्हेर गुलाबी फुलांनी लहडलेली होती.

ही रोपे आणून त्याने कंदांच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला लावली. बाहेरून रुई, मग कोरांटी, आणि सर्वांत जवळ कण्हेर, जिची पाने अरुंद असतात आणि प्रकाश पूर्ण अडवत नाहीत. पाणी तो आता उन्हे उतरल्यावर घाली. शेजारच्या शिखरावरचे मुनी येऊन हे सारे पाहून गेले आणि परस्परांत म्हणाले की, ज्याच्या पूर्वजाने सावलीचा दैत्य मारला, तो आता अंगणात सावली पिकवतो आहे. एकाने तर त्याला तोंडावरच विचारले की, पुढच्या वर्षी अंधाराची लागवड करणार का? अर्कव्रताने त्याला पाणी दिले आणि तो पुन्हा कण्हेरीच्या आळ्याकडे वळला.

कण्हेर वाढायला वेळ लागला. कितीतरी ऋतू त्याने त्या रिकाम्या मातीशेजारी काढले. खाली काय आहे हे त्याला दिसत नव्हते. कंद कुजले असतील, वाळवीने खाल्ले असतील, असे मनात येई आणि उकरून पाहावेसे वाटे. पण ती म्हणाली होती, झोपतात. झोपलेल्याला तपासण्यासाठी उठवायचे नसते, म्हणून तो हात मागे घेई.

एका वैशाखात, सगळा कातळ तापून धूसर झाला असताना, सकाळच्या होमाचा धूर उठण्याआधीच त्याला तो वास आला. मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबवणारा तो वास. अर्कव्रत धावत गेला. उघड्या मातीवर, देठ नाही, पान नाही, जमिनीलाच फुटल्यासारखे एक फूल बसले होते.

माध्यान्हीपूर्वी निभृता कातळ चढून आली. ती कण्हेरीच्या सावलीत, फुलापाशी जाऊन बसली आणि तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. अर्कव्रत सावलीच्या कडेशी येऊन उभा राहिला. आणखी एक पाऊल, की कुळाचा शब्द मोडणार होता. इतक्या वर्षांनी ती हाताच्या अंतरावर होती आणि त्याला तिचा हात धरता येत नव्हता. ती म्हणाली नाही की या, आणि तो म्हणाला नाही की बाहेर ये. दोघेही आता एकमेकांचे माहेर ओळखून होते.

तेव्हा माथ्यावर आलेला सूर्यदेव जागीच थांबला. त्याचा आवाज उष्ण वाऱ्यासारखा अंगणावर उतरला.

"अर्कव्रता, तू जिच्या कडेशी उभा आहेस ती सावली कशी असते?"

अर्कव्रत चकित झाला. म्हणाला, "देवा, आपल्याला ठाऊक नाही असे जगात काय असणार?"

"ती मी कधी पाहिली नाही," सूर्य म्हणाला. "सगळे म्हणतात ती सुंदर आहे. थकलेले माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे जातात. पण मी जिथे पोहोचतो, तिथून ती आधीच उठून गेलेली असते. युगानुयुगे मी रोज तिच्या मागे जातो, आणि ती रोज प्रत्येक वस्तूच्या पलीकडच्या अंगाला असते. तुला एक कुळाचा शब्द आड येतो. मला माझे असणेच आड येते."

अर्कव्रताला वाटत होते की त्याच्याइतकी ओढ दुसऱ्या कोणाला नसेल. आता देवापुढे त्याला स्वतःचे दुःख लहान वाटले. कडेशी उभे राहून जेवढे कळले होते तेवढे त्याने सांगितले: ती थंड असते, पानाच्या पाठीच्या रंगाची असते, तिच्यात बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मग तो म्हणाला, "देवा, या कण्हेरीची पाने अरुंद आहेत. आपण सगळे न येता, थोडेथोडे, पानांतून वाकून आलात, तर कदाचित ती उठून जाणार नाही."

सूर्याने तसे केले. आपले सहस्र किरण त्याने आवरले आणि कण्हेरीच्या पानांतून लहान लहान गोल कवडसे होऊन तो खाली उतरला. सावली बिचकली, हलली, पण गेली नाही. सूर्याने तिला प्रथमच जवळून पाहिले. निभृतेच्या पदरावर, फुलावर, मातीवर उन्हाची नाणी थरथरत राहिली.

"तुझ्या पूर्वजाचा शब्द मला दिलेला होता," शेवटी सूर्य म्हणाला, "म्हणून त्याचा अर्थ मीच सांगतो. जिथे माझा कवडसा पोहोचतो ती जागा माझी आहे. तिथे बसणारा सावलीत बसला असे कोणी म्हणणार नाही. जा, बस."

अर्कव्रत आत गेला. एका कवडशावर, पत्नीच्या शेजारी, तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी त्याच्या तापलेल्या पाठीवर गारवा उतरला आणि त्याच्या मूळपुरुषाला उन्हात रडू आले होते तसे त्याला सावलीत आले.

ज्येष्ठात पाने आली, रुंद, चंदेरी नक्षीची. ती शरद संपेपर्यंत राहिली. मग पिवळी पडू लागली, तेव्हा एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, घनपर्णा स्वतः कातळावर आली आणि म्हणाली, "फूल तुमच्या अंगणात उमलले, म्हणून लेक तुमची. पण तिची मुळे माझी आहेत. पाने गळाली की तिने माझ्याकडे यावे, उमलायची वेळ झाली की तुमच्याकडे. मला एवढेही देणार नाही का?" अर्कव्रताने ते मान्य केले, कारण काठावर उभे राहून हाक मारणे काय असते हे त्याला माहीत होते. निभृता माहेरी गेली. त्याने रिकाम्या मातीभोवती लहान दगडांचे कडे मांडले, म्हणजे चुकूनही कोणी तिथे कुदळ घालू नये, आणि तो वैशाखाची वाट पाहू लागला.

तेव्हापासून त्या फुलाला भुईचाफा म्हणतात. कण्हेर उन्हात उभी राहते आणि तिच्या आडोशाला, कवडशांत, भुईचाफा फुलतो. झाडाखालचे कवडसे आजही क्षणभर एका जागी ठरत नाहीत, कारण सूर्य अजून सावलीला न्याहाळतो आहे आणि ती अजून थोडी लाजते आहे. सह्याच्या कुशीत बाग करणाऱ्या बायका नवे रोप मातीत ठेवण्याआधी त्याला विचारतात, बाई, तुझे माहेर कुठले, उन्हातले की सावलीतले? मगच त्याला जागा देतात. आणि हिवाळ्यात जिथे काहीच दिसत नाही, तिथे दगडांचे कडे मांडून ठेवतात.

बहुतेक झाडे आधी पाने लेवून मग फुलतात. भुईचाफा तसे करत नाही. फूल आधी येते, पाने मागाहून. इतक्या महिन्यांनी घरी परतणारीला नटण्याइतका धीर नसतो.