तिळूचं पिल्लू आणि फटफटीचं गाणं

तिळू होती एक उंदरीण. एवढीश्शी! शेवंतामावशीच्या गॅरेजात राहायची. तिथे एक जुनी फटफटी होती. रोज दुपारी मावशी ती चालू करायची. फट फट फट! ते गाणं ऐकत तिळूचं पिल्लू झोपायचं.

एक दिवस काय झालं? फटफटी गाईना. नुसतं फुस्स! पिल्लू लागलं रडायला. चीं चीं चीं!

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फटफटी, फटफटी, पिल्लू निजेना. तू गा ना!"

"माझं हेड हलतंय. इंजिनावरचं झाकण गं! ते बसेल, तर मी गाईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"हेडदादा, हेडदादा, फटफटी गाईना, पिल्लू निजेना. तू बस ना!"

"बोल्ट घट्ट होतील, तर मी बसेन."

बोल्ट होते चार. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोल्टांनो, बोल्टांनो, हेड बसेना, फटफटी गाईना, पिल्लू निजेना. घट्ट व्हा ना!"

"पाना फिरेल, तर आम्ही होऊ."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पानादादा, पानादादा, बोल्ट घट्ट होईनात, हेड बसेना, फटफटी गाईना, पिल्लू निजेना. तू फिर ना!"

"मावशी धरेल, तर मी फिरेन."

मावशी बसली होती गाल फुगवून.

"मावशी, मावशी, पाना फिरेना, बोल्ट घट्ट होईनात, हेड बसेना, फटफटी गाईना, पिल्लू निजेना. तू धर ना!"

"धरला होता गं! चौघे बोल्ट ओरडले, 'मी आधी! मी आधी!' मी वेडी, एकालाच करकचून आवळलं. हेड कललं. फुस्स! भांडण थांबेल, तर मी धरेन."

तिळू पुन्हा बोल्टांकडे. आता तुरुतुरु नाही. हळू... हळू... पाय दुखले बिचारीचे.

"मावशी धरेना, पाना फिरेना, बोल्ट घट्ट होईनात, हेड बसेना, फटफटी गाईना, पिल्लू निजेना..." आणि तिळू रडलीच.

बोल्टांना कसंसंच झालं.

"मी नंतर," एक म्हणाला. "आधी समोरचा."

"छे, छे! आधी तू!"

"आधी तू!"

मावशी हसली. "अरे, थोडं थोडं सगळ्यांना!"

मावशीने पाना धरला. पाना फिरला. कर्र! थोडं याला. कर्र! थोडं समोरच्याला. कर्र! थोडं शेजारच्याला. कर्र! थोडं त्याच्या समोरच्याला. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा एकदा.

बोल्ट घट्ट झाले. हेड बसलं. मावशीने किक मारली. फटफटी गायला लागली. फट... फट... फट फट फट!

पिल्लाने दिली जांभई. आऽऽ!

तिळूने त्याला कुशीत घेतलं. "नीज हं, बाळा," म्हणाली.

पण पिल्लू नंतर निजलं.

आधी आईच निजली.