तळ्यावरची धावपट्टी

माणसाला विमान सुचायच्या कितीतरी आधी एका शहराच्या तळ्यावर दूरदेशीची पाखरं उतरत आणि तिथूनच उडत. हे तळं सुधारायचं कसं, यावर एकदा सभा भरली.

"काठावर कमळं लावू," बदक म्हणालं. "उतरणाऱ्याला कसं प्रसन्न वाटेल!"

लांब पायांचा रोहित पक्षी म्हणाला, "कमळं मागाहून लाव रे बाबा. आधी मधल्या पाणवेली काढा. पाण्यावरून लांब पळाल्याशिवाय मला उडता येत नाही, आणि माझा थवा उद्या निघतोय."

"पळायचं कशाला? हे असं उडायचं!" म्हणत बदक जागच्या जागी भुर्रकन वर गेलं. सभा खदखदून हसली.

रोहित पाण्यावरून पळत सुटला. वेलींत पाय गुंतले आणि तो तोंडावर आपटला. आता कोणी हसलं नाही. बदक खाली उतरलं आणि वेल ओढू लागलं. मग सगळ्यांच्याच चोची चालल्या.

उजाडलं तेव्हा तळ्यात मोकळ्या पाण्याचा लांब पट्टा चमकत होता. रोहित पळाला, पळतच राहिला, आणि गुलाबी पंख उघडून थव्यासह आभाळात चढला. तळं जयघोषाने दुमदुमलं.

"रोहितदादा, आता लावू का कमळं?" बदक खालून ओरडलं.

"लाव की! पण काठावरच!"