मागच्या फाटकाचं कुलूप

दोन डोंगरांच्या मध्ये वसलेल्या एका गावात एक वीजकेंद्र होतं, आणि त्या वीजकेंद्राचा एक प्रमुख होता. त्याचं नाव धुळप. माणूस मेहनती होता, पण मनाचा गोंधळलेला. दोन जणांनी दोन गोष्टी सांगितल्या की त्याला दोन्ही पटायच्या.

या केंद्रातूनच सगळ्या गावाला वीज जायची. दवाखाना, पाण्याचे पंप, गिरणी, शाळा, सगळं तिच्यावर चालायचं. केंद्राच्या आवारात मोठी यंत्रं होती आणि त्यांच्या पायाशी तांब्याच्या जाड पट्ट्या पुरलेल्या होत्या. यंत्रात बिघाड झाला तर वीज या पट्ट्यांतून जमिनीत उतरते. पट्टी नसेल तर साध्या लोखंडी खांबाला हात लावणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो.

एका सकाळी आवारातली अशी एक पट्टी कापून नेलेली आढळली. पंधरा दिवसांनी दुसरी गेली. त्याच दिवशी एका कामगाराला खांबाचा झटका बसला. तो वाचला, पण आठ दिवस दवाखान्यात पडून होता.

गावाच्या वीजमंडळाने धुळपांना बोलावलं. "चोर आत कसा येतो?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"कळत नाही," धुळप म्हणाले.

"मग ज्यांना कळतं त्यांना बोलवा. सुरक्षेचे सल्लागार नेमा आणि आराखडा करून घ्या."

आता एक गोष्ट धुळपांनी कुणालाच सांगितली नव्हती. केंद्राला मागच्या बाजूला एक लहान फाटक होतं. त्याची किल्ली धुळपांकडे असायची, आणि ती पाच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडून हरवली होती. त्या दिवशी तेलाची गाडी मागे येऊन थांबली होती, म्हणून त्यांनी हातोड्याने कुलूप तोडलं आणि गाडी गेल्यावर तेच मोडकं कुलूप कडीला पुन्हा अडकवून ठेवलं. लांबून ते बंद दिसायचं. ओढलं की निघायचं. नवं कुलूप मागायचं तर किल्ली हरवल्याचं लिहून द्यावं लागणार, म्हणून आज मागू, उद्या मागू करत ते राहून गेलं.

चोऱ्या सुरू झाल्यावर धुळपांना पहिल्यांदा ते फाटकच आठवलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. कुलूप मोडकं आहे हे चोराला कसं कळणार? तो दुसरीकडूनच येत असणार. असं दहा वेळा मनाशी म्हटल्यावर त्यांना खरंच कळेना, की आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही.

पहिला सल्लागार आला. तो निवृत्त फौजदार होता. धुळपांच्या खोलीत बसून त्याने चहा घेतला आणि विचारलं, "फाटकं किती?"

"दोन. पुढचं आणि मागचं."

"मागचं?"

"ते कायम बंद असतं," धुळप म्हणाले.

"मग चोर भिंतीवरून येतो. भिंत दुप्पट उंच करा. झाडं तोडा. आवारात लख्ख दिवे लावा."

मग दुसरा सल्लागार आला. तो यंत्रांचा जाणकार होता. त्यालाही धुळपांनी तेच सांगितलं. तो म्हणाला, "भिंतीवर आणि पुढच्या फाटकावर कॅमेरे बसवा. लख्ख दिव्यांनी कॅमेऱ्याचे डोळे दिपतात, तेव्हा दिवे मंद ठेवा. आणि झाडं तोडू नका, त्यांच्यामुळे बाहेरच्याला आतलं दिसत नाही."

धुळपांनी दोन्ही आराखडे शेजारी ठेवून वाचले. मग दोघांचाही मान राखायचा म्हणून भिंत वाढवली, कॅमेरे बसवले, अर्धी झाडं तोडली आणि एकाआड एक दिवा लख्ख लावला. कामगार येता-जाता त्या आवाराकडे बघत राहायचे.

महिन्याभरात तिसरी पट्टी गेली.

मंडळाची बैठक भरली. दोन्ही सल्लागार आले. कॅमेऱ्यात भिंतीवरून कुणी चढलेलं दिसत नव्हतं, पुढून कुणी शिरलेलं दिसत नव्हतं.

"मागचं फाटक?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी धुळपांकडे पाहिलं. धुळप म्हणाले, "बंद आहे."

"तर मग हे आतल्या माणसाचं काम आहे," फौजदार म्हणाला. दुसऱ्या सल्लागाराने मान डोलावली. एवढ्या सगळ्या गोष्टींत त्या दोघांचं एकमत झालं ते याच एका गोष्टीवर. तिन्ही वेळा पहाऱ्याला सखाराम खडपे होता. बावीस वर्षं नोकरी झालेला, कमी बोलणारा माणूस.

खडप्याला सगळ्यांसमोर उभं करून सांगण्यात आलं, की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस. तो एवढंच म्हणाला, "मी घेतलं नाही." मग त्याने आपली शिट्टी आणि बॅटरी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. धुळप खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं ते त्यांना नंतर वाचता येईना.

अध्यक्ष मात्र सावध होते. "अजून एकाला विचारू. मगच खडप्याचा निकाल लावू," ते म्हणाले.

तिसऱ्या सल्लागार आल्या. त्यांचं नाव शरयू केळुसकर. त्यांनी चहा नको म्हटलं.

"प्रमुखसाहेब, या केंद्रात सगळ्यांत आधी काय वाचवायचं आहे?"

"सगळंच."

"सगळंच म्हटलं तर मला कुठून सुरुवात करायची ते कळणार नाही. काय बिघडलं तर गाव सगळ्यांत जास्त दिवस अंधारात राहील?"

धुळपांनी विचार केला. आधीच्या दोघांनी हे विचारलंच नव्हतं. "मधलं मोठं यंत्र," ते म्हणाले. "ते गेलं तर दुसरं यायला वर्ष लागेल."

"बरं. आता सगळ्या किल्ल्या घ्या आणि माझ्याबरोबर चला. प्रत्येक दार मला उघडून दाखवा."

धुळपांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. त्यांनी पुढचं फाटक उघडून दाखवलं, कोठीचं दार उघडून दाखवलं. मग दोघं मागच्या बाजूला गेले. फाटकापासून चार पावलं आत केळुसकरबाई थांबल्या आणि वाकून जमिनीकडे बघू लागल्या. तिथे लेंड्या पडल्या होत्या.

"तुमच्याकडच्या शेळ्या भिंत चढतात का हो?"

धुळप भिंतीकडे बघू लागले.

"हे फाटक उघडा."

"किल्ली घरी राहिली."

बाईंनी कुलपाकडे पाहिलं, पण त्याला हात लावला नाही. "घेऊन या. मी इथे थांबते. पहारेकऱ्यावर संशय आहे असं आधीच्या दोन्ही अहवालांत लिहिलंय. मलाही तेच लिहायचं की नाही, ते हे फाटक बघून ठरवीन."

धुळप निघाले. घरी किल्ली नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते घराच्या दिशेने चालत राहिले. एखादी जुनी किल्ली न्यावी आणि लागत नाही म्हणावं? की गंज चढलाय म्हणावं? की केळुसकरबाईंना उद्या या म्हणावं? प्रत्येक विचार त्यांना पटत होता आणि पुढच्या दहा पावलांत पटेनासा होत होता.

वाटेत खडप्याचं घर लागलं. खडपे अंगणात बसून दोरी वळत होता. धुळपांना पाहून तो उठून उभा राहिला.

"या साहेब."

"कसा आहेस?" धुळपांनी विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचेना.

खडप्याने वळलेल्या दोरीला गाठ मारली. मग म्हणाला, "साहेब, मी रोज आठवून बघतोय. मी पहाऱ्यावर कधी झोपलो नाही. बावीस वर्षांत नाही. पण एवढी शिकलेली माणसं सांगतायत, की आत यायला दुसरी वाटच नाही. मग मलाच वाटायला लागलंय, की माझा डोळा लागला असेल आणि मला ते कळलं नसेल. तुम्हाला काय वाटतं? असं होऊ शकतं का?"

धुळप त्याच्याकडे बघत राहिले. एक प्रामाणिक माणूस, स्वतःवरच संशय घेत, आपल्याला अडचणीत आणणाऱ्यालाच खरं काय ते विचारत होता.

"नाही," धुळप म्हणाले. "तू झोपला नव्हतास. मागचं कुलूप मोडकं आहे. मीच मोडलंय. आठ महिने झाले."

खडप्याने दोरी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "हे त्या बैठकीत सांगितलं असतंत, तर गेले पंधरा दिवस मी माझ्या मुलीच्या डोळ्यांत बघू शकलो असतो."

धुळप तसेच मागे वळले, फाटकापाशी आले आणि बाईंच्या समोर कुलूप ओढलं. ते हातात आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

केळुसकरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वहीतली आधी लिहिलेली दोन पानं फाडली आणि नवं पान काढलं. "आता मला काहीतरी सांगता येईल," त्या म्हणाल्या. "कुठे दुखतंय ते आत्तापर्यंत तुम्ही कुणाला दाखवलंच नव्हतं."

त्यांचा आराखडा दीड पानाचा होता. मागच्या फाटकाला पक्कं कुलूप आणि तिथे कॅमेरा. मोठ्या यंत्राभोवती वेगळं कुंपण. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून प्रत्येक कुलूप ओढून बघायचं आणि दोघांनी सही करायची. आणि किल्ली हरवली तर त्याच दिवशी सांगायचं, सांगणाऱ्याला शिक्षा नाही. उंच केलेल्या भिंतीचा एक कोपरा मात्र पाडावा लागला, कारण आगीचा बंब तिथून वळत नव्हता.

दोन महिन्यांनी चोर पुन्हा आला आणि मागच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात दिसून पकडला गेला. तो शेजारच्या गावात भंगार विकायचा. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझी शेळी फाटकाच्या फटीतून आत गेली म्हणून कुलपाला हात लावला, तर ते हातातच आलं. मग मी येतच राहिलो."

धुळपांचं प्रमुखपद गेलं. त्याच केंद्रात त्यांना खालच्या जागेवर काम करावं लागलं. मंडळाने खडप्याला परत बोलावलं, तेव्हा त्याने एकच अट घातली. ज्या खोलीत, ज्या माणसांसमोर त्याच्यावर संशय घेतला, तिथेच, त्यांच्याच समोर तो निर्दोष असल्याचं वाचून दाखवावं. तो येताना आपल्या मुलीला बरोबर घेऊन आला.

कागद अध्यक्ष वाचणार होते. धुळप उठले आणि म्हणाले, "मी वाचतो." त्यांनी कुठेही न अडखळता शेवटपर्यंत वाचलं. त्यात कुलूप कुणी तोडलं आणि ही गोष्ट कुणी लपवली, तेही होतं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी घालून त्या मुलीच्या हातात दिला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: सल्ला मागायला जाताना आपली चूक घरी ठेवून गेलो, तर मोठ्यात मोठा जाणकारही चुकीचीच वाट दाखवतो, आणि त्या वाटेवर भलत्याच माणसाला चालावं लागतं.